गॅरेजचा गळा

मी मूळची मिरजेची. शिकायला मेलबर्नला आले, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागले आणि त्याच सुमारास एका गॅरेज बँडची गायिका झाले. आम्ही तिघंच आहोत. एक गिटारवर, एक ड्रमवर, आणि मी गाते नि बास वाजवते. गॅरेज रॉक म्हणजे मोजके कॉर्ड, कळकट आवाजाची गिटार, दोन-अडीच मिनिटांचं गाणं आणि सगळं एका दमात. घराच्या गॅरेजात तालमी करणाऱ्या पोरांनी १९६०च्या दशकात ते रुजवलं. ऑस्ट्रेलियात त्याला पबमधली मागची खोली मिळाली आणि ब्रिस्बेनच्या 'द सेंट्स'नी १९७६ मध्ये पदरचे पैसे घालून आपली पहिली तबकडी काढली, तेव्हापासून इथल्या प्रत्येक बँडला 'आपलं आपण करू' हा धीर आला.

पुण्यात नुकताच बँड काढलेल्या माझ्या भाचीनं विचारलं, "मावशी, यात करिअर कसं होतं गं?" फोनवर उत्तर संपेना, म्हणून लिहायला बसले. माझ्या लेखी या गाण्यातलं करिअर म्हणजे पुढच्या वर्षीही गाता येणं. मोठं स्टेज मिळालं तर आनंदच आहे, पण ज्यांना ते मिळालं त्यांच्याकडेही मी याच नजरेनं बघते: त्या टिकल्या कशा?

१. आधी खर्ज, मग किंकाळी

गॅरेजमध्ये गाणाऱ्या बाईचा आवाज खरखरीत, फाटलेला असावा अशी अपेक्षा असते. ती खरखर कुठून काढायची हे कळलं नाही तर दोन वर्षांत गळा बसतो. मी मिरजेत वाढले. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्यांचे भोपळे वाळताना बघत शाळेत जायचे आणि पहाटे गुरूंकडे खर्जाचा रियाज करायचे. तेव्हा कंटाळा यायचा. आज मी पबमध्ये पाऊण तास ओरडू शकते ती त्या खर्जाच्या जोरावर. श्वास पोटातून कसा सोडायचा आणि सूर लावताना मान, जबडा, खांदे मोकळे कसे ठेवायचे, हे मला तिथंच मिळालं.

बाकीचं इथल्या एका वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी शिकवलं. स्वरतंतू एकमेकांवर घासून काढलेली खरखर महागात पडते. स्वरतंतूंच्या वरच्या बाजूला मांसल घड्या असतात. ओरखडा त्यांच्यातून काढायचा आणि खालचे तंतू होता होईल तो मोकळे ठेवायचे. कार्यक्रमाआधी मी गाडीत बसून पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ घालते आणि बुडबुडे काढत सूर धरते. त्यानं तंतूंवरचा ताण उतरतो. आपण नीट गायलो की नाही याची परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होते. बोलताना आवाज घोगरा येत असेल तर रात्री तंत्र चुकलं. अशा दिवशी कुजबुजून बोलू नये, सरळ गप्प बसावं, कारण कुजबुजण्यानंही गळ्याला ताण पडतो. आणि गाऊन झाल्यावर बारपाशी उभं राहून गोंगाटाच्या वर आवाज चढवत मारलेल्या गप्पा गळ्याला गाण्यापेक्षा जास्त त्रास देतात. तेवढा वेळ मी मागच्या अंगणात जाऊन बसते. स्वरतंतूंवर गाठी आल्याचं निदान झालं तरी घाबरू नये. विश्रांती आणि उपचारांनी त्या बऱ्याचदा शस्त्रक्रियेशिवाय बसतात, मात्र वेळेवर जायला हवं.

२. माइकची मान पकडू नका

मागच्या खोलीतला माइक बहुतेक वेळा शुअरचा एसएम ५८ असतो. तो समोरचा आवाज घेतो आणि पाठीमागचा टाळतो. त्याची जाळी मुठीत धरली की हा गुण जातो, माइक चहूकडचं ऐकू लागतो आणि शिट्टी सुरू होते. फोटोत ती पकड रुबाबदार दिसते, पण कामाची नाही. दांडा धरावा, ओठ जाळीला टेकवावेत आणि किंकाळीच्या वेळी मनगट थोडं लांब न्यावं. आपला आवाज आपल्याला ऐकवणारा स्पीकर, ज्याला इथं फोल्डबॅक म्हणतात, तो माइकच्या बरोबर पाठीमागे हवा. छोट्या खोलीत ड्रम आणि गिटार आपापल्या ताकदीवर वाजतात, साउंड सिस्टीममधून मुख्यतः गाणाऱ्याचाच आवाज जातो. म्हणजे ऐकू येत नसेल तर साउंडवाल्यावर ओरडण्याआधी गिटारवाल्याला अँप खाली घ्यायला सांगायचं. हे सांगायला मुली लाजतात. लाजू नका.

३. पहिलं रेकॉर्डिंग लवकर उरका

'अ‍ॅमिल अँड द स्निफर्स'ची गायिका एमी टेलर न्यू साउथ वेल्समधल्या मलंबिंबी या छोट्या गावातली. मेलबर्नला येऊन ती सुपरमार्केटमध्ये काम करत होती. २०१६ मध्ये बॅलाक्लाव्हा उपनगरातल्या घरात राहणाऱ्या या मंडळींनी 'गिडी अप' नावाचं छोटं रेकॉर्ड एका दिवसात लिहिलं, वाजवलं, ध्वनिमुद्रित केलं आणि लोकांपुढे ठेवलं. तीन वर्षांनी त्यांच्या पहिल्या अल्बमला देशातला सर्वोत्तम रॉक अल्बमचा आरिया पुरस्कार मिळाला. मला त्यातला पुरस्कारापेक्षा तो एक दिवस महत्त्वाचा वाटतो. गाणं घासूनपुसून लखलखीत होईपर्यंत थांबले असते तर त्यातला हट्ट, घाई, हसू सगळं निघून गेलं असतं. शास्त्रीय संगीतातून आलेल्या मुलींना हे फार जड जातं, कारण आपण तयारी झाल्याशिवाय बसत नाही. मी दोन्हीकडची आहे आणि दोन्हींचा मान राखून सांगते: गळ्याच्या बाबतीत आयुष्यभर तयारी करा, गाण्याच्या बाबतीत करू नका.

४. नोकरी ठेवा

गायिका कोर्टनी बार्नेट मेलबर्नच्या पबमध्ये बिअर ओतायची. 'कॅम्प कोप' बँडची गायिका जॉर्जिया मॅक परिचारिका होती. मी रक्ताचे नमुने तपासते. दारावर जमलेल्या पैशातून साउंडवाल्याचे वजा करायचे आणि उरलेले त्या रात्रीच्या तीन-चार बँडनी वाटून घ्यायचे, असा इथला रिवाज आहे. त्यावर घरभाडं निघत नाही. पण ज्या गायिकेचं घरभाडं दुसरीकडून निघतं तिला नको ते गाणं गावं लागत नाही, नको त्या माणसाबरोबर जेवायला जावं लागत नाही. माझ्या आईला वाटायचं की नोकरीमुळे गाणं मागे पडेल. मला नोकरीनं गाण्यात मोकळं ठेवलं.

मात्र कागदपत्रांत आळस नको. गाणं तुम्ही लिहिलेलं असेल तर अ‍ॅप्रा एमकॉस या हक्कसंस्थेत नाव नोंदवा आणि कुठे कुठे काय गायलात त्याची यादी दर वर्षी भरा. पबमध्ये गायलेल्या स्वतःच्या गाण्याचेही पैसे मिळतात. कोर्टनीनं २०१२ मध्ये स्वतःचं 'मिल्क! रेकॉर्ड्स' हे लेबल काढलं, गायिका जेन क्लोहरच्या साथीनं वाढवलं आणि २०२३ च्या अखेरीस ते बंद झालं. त्या अकरा वर्षांत ती ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत गेली आणि आसपासच्या कितीतरी मित्रमैत्रिणींच्या तबकड्या त्या लेबलवर निघाल्या. एखादी संस्था बंद झाली म्हणजे ती फसली असं मी मानत नाही. अकरा वर्षं पुष्कळ असतात.

५. अंगावर काय घालायचं ते तुम्ही ठरवा

क्रिसी अ‍ॅम्फ्लेट मेलबर्नपासून तासाभराच्या जिलाँगची. जन्म १९५९ चा. १९८० मध्ये सिडनीत मार्क मॅकएंटीबरोबर तिनं 'डिव्हायनिल्स' हा बँड उभा केला आणि शाळेचा गणवेश, लांब मोजे अशा वेशात पुरुषांनी खचाखच भरलेल्या पबमध्ये ती गायला उभी राहू लागली. त्या काळच्या पबमधला प्रेक्षक कसा होता हे जुनी मंडळी अजून सांगतात. मी तिच्या चित्रफिती बघून शिकले आहे. ती त्या गणवेशात गोड दिसायला येत नसे. तिच्या डोळ्यांत, खांद्यांत, अचानक थांबण्यात अशी धमक होती की पुढच्या रांगेतला माणूस पाऊल मागे घेई. कोण कोणाकडे बघतंय, हा हिशेब तिनं उलटा केला होता. पुढे तिला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला, मग स्तनाचा कर्करोग, आणि २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती ५३ व्या वर्षी गेली. तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं आता स्तनतपासणीच्या जनजागृतीसाठी वापरलं जातं. मेलबर्नमधल्या एका गल्लीला २०१५ मध्ये तिचं नाव दिलं. त्या गल्लीत मी बाहेरगावच्या पाहुण्यांना आवर्जून नेते.

मला एकदा एका आयोजकानं विचारलं होतं, साडी नेसून गाशील का, पोस्टरला उठाव येईल. मी नाही म्हटलं. साडी मला प्रिय आहे आणि एखाद्या दिवशी मी साडीत गाईनही, पण ते माझ्या मनात आलं म्हणून. सध्या मी बाह्या कापलेला सुती कुर्ता घालते. घाम टिपतो, बासचा पट्टा खांद्याला काचत नाही आणि हात मोकळे राहतात.

६. रात्री घरी पोचणं हाही गाण्याचाच भाग

यावर मी कधीच थोडक्यात बोलू शकत नाही.

२०१७-१८ च्या फॉल्स फेस्टिव्हलमध्ये 'कॅम्प कोप'नं स्टेजवरून, गाण्याचे शब्द तिथल्या तिथे बदलून, त्याच महोत्सवाच्या यादीत बायका किती कमी आहेत हे सुनावलं. ज्यांनी बोलावलं त्यांच्याच माइकवरून. त्या धाडसानं माझ्यासारख्या कितीजणींचा कणा ताठ झाला. पुढे २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संगीत व्यवसायातल्या लैंगिक छळावरचा 'रेझिंग देअर व्हॉइसेस' हा स्वतंत्र अहवाल आला. सहभागी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी छळ सोसल्याचं त्यात नोंदलं आहे. आम्हाला त्यात नवं काही नव्हतं. नवं एवढंच, की आता ते छापलेलं होतं आणि दाखवता येत होतं.

एमी टेलरचं २०२१ च्या अल्बममधलं 'नायफी' हे गाणं रात्री एकटीनं घरी चालत जाण्याच्या भीतीबद्दल आणि त्या भीतीवरच्या रागाबद्दल आहे. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ट्राममध्ये होते आणि माझी मूठ पर्समधल्या किल्ल्यांभोवती होती. ही सवय मला आहे हेही तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आमच्या बँडचे नियम साधे आहेत. सामान गाडीत भरताना कोणी एकटं राहत नाही. आमच्या आधी किंवा नंतर गाणारी मुलगी एकटी असेल तर ती निघेपर्यंत आम्ही थांबतो. प्रेक्षकांत कोणी एखाद्या मुलीला त्रास देताना दिसलं तर मी बास थांबवते. ते बघून ड्रम थांबतो आणि साउंडवाला खोलीतले दिवे लावतो. गाणं अर्धवट राहिलं तर राहू दे. दिवे लागल्यावर त्या माणसाला लपायला जागा उरत नाही. हे प्रत्येक ठिकाणच्या माणसांशी साउंडचेकच्या वेळीच बोलून ठेवायचं, आयत्या वेळी नाही.

बाईनं लोकांसमोर गाण्याचा विषय निघाला की मला हिराबाई बडोदेकर आठवतात. त्या १९०५ साली माझ्याच गावात, मिरजेत जन्मल्या. भल्या घरच्या बाईनं तिकीट लावून चारचौघांत गाणं त्या काळी अशोभनीय मानलं जायचं, आणि त्यांनी ती वाट मोकळी केली. त्यांचं गाणं आणि माझं गाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण तिकीट काढून आलेल्या अनोळखी लोकांसमोर बाईनं ताठ उभं राहून गायचं, हे मला घरातूनच मिळालेलं आहे असं मी मानते.

७. कानात बोळे

८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असं मानतात आणि पुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. आमचा ड्रमर त्याच्या पुढे जातो. कानाच्या मापाचे प्लग बनवून घ्या. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

८. रस्ता

मेलबर्न ते सिडनी सुमारे ८८० किलोमीटर, मेलबर्न ते अ‍ॅडलेड सव्वासातशे, आणि पर्थ तर साडेतीन हजारांच्या घरात. या देशात बँड फिरवणं म्हणजे आधी गाडी चालवणं. शुक्रवारी दुपारी लॅबमधून निघायचं, ह्यूम हायवेला लागायचं. होलब्रुक गावात समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, हिरवळीवर एक पाणबुडी ठेवलेली आहे, तिथं पाय मोकळे करायचे. रात्री अकरानंतर गाडी चालवायची नाही, कांगारू रस्त्यावर येतात. सिडनीत पंचवीस माणसं आली तरी त्यांच्यासाठी शंभर जणांसमोर गावं तसंच गायचं, कारण ती पंचवीस पुढच्या वेळी आपापले मित्र घेऊन येतात.

९. रेडिओला विसरू नका

गाण्यांची यादी संगणकानं लावायच्या दिवसांतही मेलबर्नमध्ये ट्रिपल आर आणि पीबीएस ही श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारी केंद्रं आहेत. तिथला निवेदक स्वतःच्या आवडीनं तबकडी लावतो. ट्रिपल आर दर ऑगस्टमध्ये वर्गणी गोळा करतं. बँड असो वा नसो, वर्गणी भरा.

१०. खोली राखली तर गाणं राहतं

कॉलिंगवूडमध्ये जॉन्स्टन स्ट्रीट आणि वेलिंग्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर 'द टोट' नावाचा जुना पब आहे. पायाला चिकटणारी जमीन, वर एक खोली, खाली एक खोली, आणि भिंतींवर थरावर थर पोस्टर. मेलबर्नच्या गॅरेज बँडांपैकी तिथं न वाजवलेला विरळाच. २०१० च्या जानेवारीत तो बंद पडला. मद्यपरवान्याच्या नव्या नियमांनी संगीत चालणाऱ्या जागांना जास्त धोक्याच्या यादीत टाकलं होतं, त्यामुळे छोट्या कार्यक्रमालाही जादा सुरक्षारक्षक ठेवणं भाग पडलं आणि तो खर्च झेपेना.

२३ फेब्रुवारीला स्टेट लायब्ररीपासून संसदेपर्यंत मोर्चा निघाला. तारीख मुद्दाम निवडलेली होती. १९७६ मध्ये त्याच दिवशी 'एसी/डीसी'नं ट्रकवर उभं राहून स्वान्स्टन स्ट्रीटवर आपली प्रसिद्ध चित्रफीत केली होती. हजारो लोक होते. मी तेव्हा नवखी होते, इंग्रजी घोषणा देताना अडखळत होते, पण त्या दिवशी हे शहर मला आपलं वाटलं. टोट पुन्हा उघडला. सरकारला नियम बदलावे लागले.

२०१४ मध्ये व्हिक्टोरिया राज्यानं आणखी एक पाऊल टाकलं. जिथं आधीपासून संगीत चालतं, त्याच्या पन्नास मीटरच्या आत नवी घरं बांधायची असतील तर आवाज अडवण्याची सोय नव्या बिल्डरनं करायची. जो नंतर आला त्यानं खर्च सोसायचा. त्यापूर्वी उलटं चालायचं. पबशेजारी इमारत उभी राहायची, रहिवासी तक्रार करायचे आणि पन्नास वर्षांची जागा गप्प व्हायची. आपल्याकडे पुण्या-मुंबईत गायच्या जागा एकेक करून बंद पडत असतील तर भाचीच्या पिढीनं हा नियम नीट वाचावा असं मला कळकळीनं वाटतं.

२०२३ मध्ये टोट विकायला निघाला. तेव्हा दुसऱ्या एका छोट्या बारच्या चालकांनी लोकांना साद घातली आणि चाहत्यांनी ३० लाख डॉलर उभे केले. जागा संगीतासाठीच राहिली. माझं नाव त्या देणगीदारांच्या यादीत कुठेतरी खाली आहे.

आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये एमी टेलरच्या बँडचा फेडरेशन स्क्वेअरमधला मोफत कार्यक्रम गर्दी आवरेना म्हणून ऐनवेळी रद्द झाला, तेव्हा त्यांनी शहरातल्या सात छोट्या ठिकाणी बारवर स्वतःचे पैसे ठेवले आणि चाहत्यांना तिकडे पाठवलं. जगभर मोठमोठ्या मैदानांत गाऊन आलेल्या माणसांना त्या रात्री आठवण झाली ती त्या सात खोल्यांची. त्यांच्या सगळ्या पुरस्कारांत मला ही गोष्ट थोर वाटते.

११. सूर खाली उतरवा

चाळिशीनंतर आवाज बदलतो. वरच्या पट्टीत जी धार होती ती कमी होते आणि खाली जागा मिळत जाते. गंगूबाई हनगल यांचा आवाज टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर भारदस्त, खालचा झाला. त्या त्याच आवाजात आयुष्यभर गायल्या आणि लोकांनी तो आवाज डोक्यावर घेतला. इथली गायिका अडालिटा १९९१ पासून 'मॅजिक डर्ट' हा बँड घेऊन उभी आहे. त्यांचा बासवादक डीन टर्नर २००९ मध्ये गेला, बँड थांबला, आणि २०१८ मध्ये पुन्हा स्टेजवर आला. मी तिला तरुणपणीच्या चित्रफितींतही ऐकलं आहे आणि आताही ऐकते. मला आताची जास्त आवडते. आता ती एकेक शब्द थांबून टाकते आणि खोली त्या शब्दाची वाट बघते.

आम्ही गेल्या वर्षी गिटार आणि बास जुळवून घेताना ई वरून डी वर आणली. तारा सैल झाल्यानं गिटारचा आवाज आणखी कळकट लागतो आणि माझा गळा मोकळा राहतो. जुनी गाणी दोन-तीन तालमींत नव्या पट्टीत बसली. दोन मात्र बसेनात, ती सोडून दिली. त्यांच्या जागी नवी लिहायला घेतली आहेत, आणि ती सुरुवातीपासून डी मध्येच आहेत.